अतिसूक्ष्म यंत्रे आणि नॅनो रोबॉट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातील मराठी कुटुंबांसाठी मी दर महिन्याला विज्ञानाची एक बैठक घेते. अतिसूक्ष्म यंत्रांवर बोलल्यापासून इंदूर, देवास आणि महू येथून, तसेच ग्वाल्हेर-बडोद्याच्या नातेवाइकांकडूनही त्याच त्या शंका येत राहिल्या. त्या येथे एकत्र केल्या आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून, गरज असेल तेथे दुसऱ्या उत्तराकडे निर्देश केला आहे. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी इतर काही न वाचता थेट प्रश्न ११ पाहावा.

१. नॅनो म्हणजे नेमके किती लहान? त्याला मराठीत शब्द आहे का?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, आणि म्हणूनच मराठीत 'अब्जांश तंत्रज्ञान' हा शब्द रूढ झाला आहे. तीन मिलिमीटर लांबीचा तीळ हा एक नॅनोमीटर मानला, तर त्याच प्रमाणात एक मीटर म्हणजे तीन हजार किलोमीटर, अर्थात जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी एवढे अंतर होईल. आपल्या हाताचे नख साधारण सेकंदाला एक नॅनोमीटर या गतीने वाढते. डोक्याच्या केसाची जाडी पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर, तांबड्या रक्तपेशीची रुंदी सात-आठ हजार, आतड्यातील ई. कोलाय जिवाणूची लांबी सुमारे दोन हजार, तर डीएनएच्या पिळाची जाडी अवघी दोन नॅनोमीटर असते. शंभर नॅनोमीटरच्या आतील वस्तूंना शास्त्रज्ञ सामान्यतः नॅनो म्हणतात. वर्तमानपत्रातील बहुतेक 'नॅनो रोबॉट' या व्याख्येत बसत नाहीत. ते सूक्ष्म, म्हणजे हजारो नॅनोमीटरचे असतात.

२. मोठे यंत्र आहे तसे लहान करत नेले तर नॅनो यंत्र होणार नाही का?

होणार नाही, आणि हे एकच उत्तर नीट समजले तर या पानावरील निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. स्वयंपाकघरातलेच उदाहरण घेऊ. रवा आणि मैदा दोन्ही एकाच गव्हाचे. पण ताट तिरके केले की रवा घरंगळून जातो आणि मैदा ताटाला चिकटून राहतो. मैद्याला कोणी डिंक लावलेला नसतो. कण लहान झाल्यामुळे त्याचे वजन फार घटले आणि पृष्ठभाग त्या मानाने कमी घटला, एवढेच झालेले असते. एखादी वस्तू सर्व बाजूंनी दहापट लहान केली, तर तिचे वजन हजारपट कमी होते, पण पृष्ठभाग शंभरपटच कमी होतो. म्हणजे वजनाच्या तुलनेत पृष्ठभागाचा जोर दहापट वाढतो. मिलिमीटरवरून नॅनोमीटरपर्यंत जाताना तो दहा लाखपट वाढतो.

म्हणून त्या पातळीवर गुरुत्वाकर्षण जवळजवळ नगण्य ठरते आणि चिकटण्याची बले सत्ता गाजवतात. भिंतीवरील पाल याच बळावर छताला उलटी चालते: तिच्या बोटांखालील लक्षावधी सूक्ष्म रोमांची टोके भिंतीच्या इतकी जवळ जातात, की रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, तिचे सारे वजन पेलते. पालीला जे वरदान आहे ते यंत्राला संकट आहे. दोन सूक्ष्म चाके एकमेकांना टेकली की टेकलेलीच राहतात. तेल घालूनही उपयोग नसतो, कारण तेलाचा एक रेणूच मुळात एक-दोन नॅनोमीटर लांब असतो.

३. सूक्ष्म यंत्राला माशासारखी शेपटी लावली तर ते पाण्यात पोहेल का?

ताठ शेपटी पुढे-मागे हलवून ते जागचे हलणार नाही. मासा पाणी मागे ढकलतो आणि मिळालेल्या वेगावर पुढे सरकतो. या सरकण्यामागे त्याच्या वस्तुमानाचे जडत्व असते. जिवाणूएवढ्या आकारात जडत्वाला काही अर्थ राहत नाही, पाण्याचा चिकटपणा सर्व काही ठरवतो. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७६ च्या एका व्याख्यानात याचा हिशेब मांडला होता: पोहणाऱ्या जिवाणूने हालचाल थांबवली, तर तो अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात थांबतो. अशा जगात जी हालचाल उलट क्रमानेही तशीच दिसते, ती केल्याने प्राणी जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. शिंपल्याची उघडझाप हे पर्सेल यांचे उदाहरण होते आणि हा नियम त्याच नावाने ओळखला जातो.

हे समजावण्यासाठी मी औषधांच्या दुकानातून ग्लिसरीन आणून काचेच्या बरणीत भरले होते. खोलीच्या तापमानाला ते पाण्याहून हजारपटीपेक्षा जास्त चिकट असते, त्यामुळे बोटाएवढ्या खेळण्यालाही त्यात जिवाणूचे जग अनुभवता येते. रबरबँडच्या पिळावर चालणारी दोन खेळणी त्यात सोडली. ताठ पुठ्ठ्याची शेपटी असलेले खेळणे पंधरा-वीस वेळा शेपटी हलवूनही होते तेथेच राहिले. तांब्याच्या तारेचा मळसूत्रासारखा पिळ लावलेले दुसरे खेळणे मात्र, अगदी सावकाश, बोटभर पुढे गेले. समोर बसलेल्या चौथीतील मुलाने "ते पाण्यात नाही, लाकडात घुसतंय" असे म्हटले, आणि त्याहून नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही. ई. कोलाय हेच करतो: त्याच्या मागील मळसूत्री कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे तंतू, सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे घेतात. माणसाने बनवलेले अनेक सूक्ष्म रोबॉटही म्हणूनच स्क्रूच्या आकाराचे असतात.

४. इतक्या लहान यंत्राला दिशा राखता येते का?

स्वतःच्या बळावर फार वेळ येत नाही. पाण्याचे रेणू चारही बाजूंनी सतत आदळत असतात आणि लहान कणाला हे धक्के भोवतात. यालाच ब्राउनीय गती म्हणतात: रॉबर्ट ब्राउन यांनी ती १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचा गणिती खुलासा केला. एक मायक्रोमीटर, म्हणजे हजार नॅनोमीटर, व्यासाचा गोल कण पाण्यात सुमारे सेकंदभरात आपले तोंड कोणीकडे होते हे 'विसरतो'. शंभर नॅनोमीटरचा कण तेच सेकंदाच्या हजाराव्या भागात विसरतो. त्यामुळे बाहेरून चुंबकीय क्षेत्राने दिशा धरून ठेवणे, ही केवळ सोय नसून गरज ठरते.

५. निसर्गात अशी यंत्रे आहेत का?

आहेत, आणि आपल्या शरीरातच आहेत. पेशीमध्ये कायनेसिन नावाचे प्रथिन दोन 'पायांवर' चालत पिशवीसारखा बोजा वाहून नेते. त्याचे प्रत्येक पाऊल आठ नॅनोमीटरचे असते आणि दर पावलाला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. एटीपी तयार करणारे यंत्र तर खरोखर फिरणारे आहे: त्याचा मधला दांडा १२० अंशांच्या टप्प्यांनी वळतो आणि एका पूर्ण फेऱ्यात तीन एटीपी बनतात. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या दांड्याला चमकणारा लांब तंतू जोडून तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष फिरताना पाहिला. त्याच वर्षी या यंत्राचा उलगडा करणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मला यातील सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की ही यंत्रे प्रश्न ४ मधील धक्क्यांशी झुंजत बसत नाहीत. कायनेसिनचा मोकळा पाय धक्क्यांनीच इकडेतिकडे भिरभिरतो. इंधनाचे काम एवढेच, की पुढची जागा सापडली की पाय तेथे पकडला जावा आणि मागे सुटू नये. विहिरीच्या रहाटाला उलट फिरू न देणारी खीळ असते, तसे हे आहे.

६. त्यांना 'रोबॉट' का म्हणतात? त्यांच्यात बॅटरी आणि संगणक असतो का?

बहुतेकांत दोन्ही नसतात, आणि हा शब्द फार सैलपणे वापरला जातो असे माझे स्पष्ट मत आहे. प्रचलित प्रकारांपैकी सर्वांत उपयुक्त ठरलेला प्रकार चुंबकीय आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे काम उभे करणारे अंबरीश घोष आणि जर्मन शास्त्रज्ञ पीअर फिशर यांनी २००९ मध्ये काचेचे, एक-दोन मायक्रोमीटर लांबीचे मळसूत्र बनवून त्यावर चुंबकीय धातूचा थर दिला. बाहेरून फिरते चुंबकीय क्षेत्र लावले की ते फिरत पुढे जाते. त्याचा 'मेंदू' आणि 'इंजिन' दोन्ही टेबलावर असतात. दुसऱ्या प्रकारात कणाच्या एका अंगाला रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा उत्प्रेरक किंवा विकर लावतात आणि भोवतालच्या रसायनाचे विघटन होताना कण ढकलला जातो.

रोबॉट या शब्दाला खऱ्या अर्थाने जवळ जाणारे उदाहरण २०२० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील गटाने दाखवले. त्यांच्या चार पायांच्या यंत्राची लांबी केसाच्या जाडीहून कमी होती. पाठीवर सिलिकॉनचे सूक्ष्म सौरघट आणि पायांत सुमारे सात नॅनोमीटर जाडीची प्लॅटिनमची पट्टी होती, जिची एक बाजू दुसऱ्या पदार्थाने झाकलेली होती. पुढच्या पायांच्या घटावर लेसर टाकला की द्रावणातील आयन, म्हणजे विद्युतभारित कण, प्लॅटिनमच्या उघड्या बाजूला चिकटतात, ती बाजू ताणली जाते आणि पाय वाकतो. मग मागच्या पायांची पाळी येते. यासाठी एका व्होल्टचा पाचवा भाग पुरतो. चार इंचांच्या एका चकतीवर अशी दहा लाखांहून अधिक यंत्रे एकाच वेळी बनली. पण पाऊल केव्हा टाकायचे हे तेथेही लेसर धरणारा माणूसच ठरवत होता.

७. ही कल्पना प्रथम कोणाची?

साधारणपणे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या २९ डिसेंबर १९५९ रोजीच्या कॅलिफोर्नियातील व्याख्यानापासून सुरुवात मानतात. त्यात त्यांनी जेमतेम ०.४ मिलिमीटर बाजूच्या घनात मावणाऱ्या विद्युत मोटरीसाठी एक हजार डॉलरचे बक्षीस लावले. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन यांनी ते चिमटे, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी यांच्या बळावर जिंकले. फाइनमन यांना नवे तंत्र हवे होते. मिळाले ते जुन्याच तंत्राचे टोक. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरात आणला.

८. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहतात आणि हलवतात कसे?

चाचपून. अगदी अंध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचते तसे. गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी १९८१ मध्ये असा सूक्ष्मदर्शक बनवला, ज्यात अत्यंत टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते आणि मधल्या फटीतून वाहणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहावरून अणूंचे उंचवटे कळतात. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी बिनिग यांनी सहकाऱ्यांसह आण्विक बल सूक्ष्मदर्शक मांडला, जो विद्युतरोधक पदार्थांवरही चालतो. त्यात केसाच्या जाडीच्या एक-दोन पट लांबीची लवचीक पट्टी असते. तिच्या टोकाची सुई पृष्ठभागावरून जाताना पट्टी वाकते आणि पट्टीच्या पाठीवरून परावर्तित झालेला लेसरचा ठिपका सरकतो. हाच सुईचा हात अणू ढकलूही शकतो: १९८९ मध्ये डॉन आयग्लर यांनी निकेलच्या पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून मांडले आणि 'आयबीएम' हे आपल्या कंपनीचे नाव लिहिले. अणू जागेवर टिकावेत म्हणून तापमान उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागले होते.

९. रोजच्या वापरात असे काही आहे का?

आपल्या हातातील मोबाइलमध्येच आहे. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, कारण आत सिलिकॉनचा एक चिमुकला तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दात असतात आणि ते समोरच्या स्थिर दातांमध्ये, स्पर्श न करता, अडकवल्यासारखे बसलेले असतात. फोन कलला की तुकडा गुरुत्वामुळे साधारण दहा-वीस नॅनोमीटर सरकतो, दातांमधील अंतर बदलते आणि विद्युतधारिता बदलल्याने कोणती बाजू खाली आहे हे चिपला कळते. हा लेख फोनवर वाचत असाल तर तो सावकाश कलता करून पाहावा: चित्र फिरते त्या क्षणी आपण एका यांत्रिक भागाला प्रत्यक्ष हलवलेले असते. मोटारीतील एअरबॅगही अशाच भागाच्या इशाऱ्यावर उघडते.

प्रोजेक्टरच्या एका प्रकारात लाखो चौकोनी आरसे असतात. प्रत्येक आरसा जेमतेम दहा-पंधरा मायक्रोमीटरचा आणि दोन्ही बाजूंना कलू शकणारा. आमच्या बैठकीच्या सभागृहातील जुन्या प्रोजेक्टरवर पांढरे ठिपके दिसू लागले, तेव्हा पडदा खराब झाला असे समजून तो दोनदा धुतला गेला. प्रत्यक्षात काही आरसे एका बाजूला कलून तेथेच चिकटले होते. प्रश्न २ मधील मैदा तो हाच.

१०. रेणूंच्या यंत्रांना नोबेल मिळाले म्हणतात. ते यंत्र की रसायन?

दोन्ही. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाँ-पिएर सोवाज, फ्रेझर स्टॉडार्ट आणि बेन फेरिंगा यांना मिळाले. सोवाज यांनी १९८३ मध्ये साखळीच्या कड्यांसारखे दोन रेणू एकमेकांत गुंफले. स्टॉडार्ट यांनी १९९१ मध्ये रेणूच्या दांडीवर सरकणारे कडे बसवले. फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाश पडला की एकाच दिशेने फिरत राहणारी मोटर बनवली. 'एकाच दिशेने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे: नुसते गरगरणे धक्क्यांनीही होते, दिशा राखणे हेच यंत्राचे लक्षण आहे. २०११ मध्ये त्यांच्या गटाने चार चाकांचा मोटारगाडीसारखा रेणू तांब्याच्या पृष्ठभागावर चालवला. यातून अजून बाजारात मिळणारी वस्तू झालेली नाही.

११. मॅडम, घरात कर्करोगाचा रुग्ण आहे. 'नॅनो रोबॉट उपचार' देतो असे एकाने सांगितले आहे. तो घ्यावा का?

कृपया सुरू असलेला उपचार थांबवू नये आणि पैसे देऊ नयेत. मला सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे आणि प्रत्येक वेळी तो वाचताना जीव कासावीस होतो, कारण विचारणारे कुटुंब आधीच खचलेले असते. रक्तात फिरून, गाठ शोधून, ती नष्ट करणारा कोणताही रोबॉट आज कोठेही मान्यताप्राप्त उपचार म्हणून उपलब्ध नाही.

गैरसमज कोठून होतो तेही सांगते. नॅनोकणांत बसवलेली औषधे खरोखर वापरात आहेत: डॉक्सोरुबिसिन हे औषध मेदाच्या सुमारे शंभर नॅनोमीटरच्या कुपीत भरून देण्यास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, आणि आपले डॉक्टरही ते वापरतात. पण त्या कुपीला मोटर नाही, डोळे नाहीत. ती रक्ताबरोबर वाहते आणि गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून काही अंशी आत झिरपते. असे कण गाठीपर्यंत किती पोहोचतात, याचा दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मध्यक आकडा अवघा ०.७ टक्के निघाला. फायदा होतो तो बहुधा औषधाचा हृदयावरील दुष्परिणाम कमी झाल्याने.

दुसरीकडे, प्रयोगशाळेतील बातम्याही खऱ्याच असतात. २०१८ मध्ये डीएनएच्या घडीतून बनवलेली पेटी गाठीच्या रक्तवाहिनीत उघडून तेथे रक्त गोठवण्यात आले. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने लघवीतील युरियावर चालणारे कण मूत्राशयात सोडून गाठीचा आकार ९० टक्क्यांनी घटवला. या दोन्ही बातम्यांत शोधायचा शब्द 'उंदीर' हा आहे. उंदरापासून माणसापर्यंतचा मार्ग अनेक वर्षांचा असतो आणि बहुतेक उपचार त्या वाटेवरच गळतात. कोणी असा उपचार सांगितला, तर औषधाचे नाव आणि मान्यतेचा कागद लेखी मागावा आणि तो आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवावा. खरी चाचणी असेल तर ती नोंदलेली असते, संमतिपत्र असते आणि प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेतले जात नाहीत.

१२. रक्तात नाही, तर मग शरीरात कोठे उपयोग होऊ शकेल?

जेथे प्रवाह नाही तेथे. प्रश्न ६ मधील मळसूत्राचा वेग सेकंदाला सुमारे ४० मायक्रोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जायला त्याला पंचवीस सेकंद लागतात. सर्वांत बारीक केशवाहिनीतही रक्त त्याच्या कितीतरी पट वेगाने वाहते, मग महाधमनीची गोष्टच सोडा. म्हणून संशोधक डोळा, मूत्राशय, दात अशा स्थिर जागा निवडतात. २०१८ मध्ये डुकराच्या डोळ्यातील जेलीसारख्या पदार्थातून असे मळसूत्र मागच्या पडद्यापर्यंत नेण्यात आले; त्या जेलीची जाळी इतकी बारीक असते, की यंत्राचा व्यास अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास ठेवावा लागला आणि त्याला निसरडा लेपही द्यावा लागला. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काढलेल्या दातांच्या अतिसूक्ष्म नलिकांत लोखंडाचा लेप दिलेली मळसूत्रे खोलवर नेली आणि चुंबकीय क्षेत्राने ती तापवून तेथील जिवाणू मारले. रूट कॅनॉलनंतरही दात दुखत राहण्याचे एक कारण हे लपलेले जिवाणूच असतात. माझ्या मते सूक्ष्म रोबॉटांचा रुग्णाला पहिला खरा उपयोग अशा लहान, कमी नाट्यमय कामांत होईल.

१३. लसीतून नॅनो चिप टोचली गेली असे मेसेज येतात. त्यात तथ्य आहे का?

नाही. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लसींत मेदाचे सुमारे शंभर नॅनोमीटरचे कण होते. पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणाऱ्या नाजूक एमआरएनए रेणूभोवतीचे ते वेष्टन असते. भारतात बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये तेही नव्हते: पहिलीत बदललेला विषाणू वाहक म्हणून होता, दुसरीत निष्क्रिय केलेला विषाणू होता. शिवाय प्रश्न ६ मधील चालणारे यंत्र सुमारे दहा नॅनोवॉट शक्तीवर चालते. मोबाइल मनोऱ्यापर्यंत संदेश पाठवायला त्याच्या कोट्यवधी पट शक्ती लागते. ती शरीरात आणणार कोठून?

१४. शरीरात सोडलेले कण नंतर बाहेर कसे काढतात?

पदार्थ आणि आकार यांवर ते अवलंबून असते. साधारण साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन बाहेर पडतात. त्याहून मोठे कण बहुधा यकृत आणि प्लीहा येथे अडकतात. ते मेदाचे किंवा लोहाच्या संयुगांचे असतील तर शरीर त्यांचे हळूहळू विघटन करते, पण काही धातू दीर्घकाळ तसेच राहू शकतात. आकारही धोका ठरवतो: लांब, ताठ कार्बन नलिका उंदरांच्या पोटाच्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असे २००८ मध्ये दिसून आले. 'नॅनो आहे म्हणून घातक' आणि 'नॅनो आहे म्हणून गुणकारी' ही दोन्ही विधाने सारखीच चुकीची आहेत.

१५. ही यंत्रे स्वतःची प्रत बनवत पृथ्वी व्यापतील का?

ही भीती अमेरिकन अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये त्यांनी स्वतःच ती बाजूला सारली. रिचर्ड स्मॉली या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञांचा आक्षेप मला पटतो: अणू उचलणारी बोटेही अणूंचीच असणार, म्हणजे ती जाड असणार, आणि उचललेला अणू बोटांना चिकटणार. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. २०२१ मध्ये बेडकाच्या पेशींपासून बनवलेल्या गोळ्यांनी बशीतील सुट्या पेशी गोळा करून आपल्यासारखे नवे गोळे तयार केले. पण सुट्या पेशी माणसानेच पुरवल्या होत्या आणि काही पिढ्यांनंतर प्रक्रिया थांबली.

१६. इंदुरात या विषयाचे काही काम होते का?

राजेंद्रनगरच्या पुढे जे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, ज्याला जुने इंदूरकर अजूनही 'कॅट'च म्हणतात, तेथे इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून त्यांच्यापासून तीव्र किरण मिळवणारी यंत्रे, आहेत. इंडस-२ च्या १७२.५ मीटर परिघात इलेक्ट्रॉन २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि वळताना तीव्र क्ष-किरण सोडतात. त्या किरणांच्या एका शाखेवर लिथोग्राफीची सोय आहे: सोन्याची नक्षी असलेल्या मुखवट्यातून क्ष-किरण ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकवर पाडतात, किरण लागलेला भाग द्रावणात विरघळतो आणि उरते ते अत्यंत बारीक, पण खोल आणि सरळ भिंतींचे कोरीवकाम. सूक्ष्म चाके आणि नलिका बनवण्याची ही पद्धत जर्मनीत कार्ल्सरूहे येथे विकसित झाली. साध्या प्रकाशाने इतक्या उभ्या भिंती कोरता येत नाहीत, म्हणून या केंद्राचे महत्त्व आहे. देशभरातील संशोधक या शाखांवर प्रयोगांसाठी येतात.

१७. मुलगी अकरावीत आहे. तिला हेच शिकायचे आहे. काय सांगाल?

तिला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही मनापासून शिकू द्यावे. पदवीला यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, पदार्थविज्ञान किंवा शुद्ध भौतिकशास्त्र यांपैकी काहीही चालेल. केवळ नावात 'नॅनो' आहे म्हणून महागडा अभ्यासक्रम निवडू नये. तेथे विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाला हात लावू देतात का, हे आधी विचारावे.

१८. लहान वस्तू कमजोर असते, मग नॅनो तंतू पोलादाहून मजबूत कसे?

कारण वस्तू तुटते ती तिच्या दोषापासून. ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये दाखवले, की काचेचा तंतू जितका बारीक काढावा तितका तो दर चौरस मिलिमीटरला अधिक भार सोसतो, कारण बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. निर्दोष ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पापुद्र्याचे, बळ २००८ मध्ये मोजले तेव्हा ते सुमारे १३० गिगापास्कल भरले. उत्तम पोलादी तार काही मोजक्या गिगापास्कलांवर तुटते. २०१८ मध्ये तर हिऱ्याच्या तीनशे नॅनोमीटरच्या सुया वाकवून सोडल्यावर पुन्हा सरळ झालेल्या दिसल्या. मात्र अशा तंतूंचा दोरखंड वळला, की जोडांतील दोष परत येतात आणि बळ पुष्कळ घटते. 'पोलादाच्या शंभरपट' असे वाचले तर ते एका तंतूचे आहे की दोराचे, हे पाहावे.

१९. हेलियम वायूने मोबाइल बंद पडतो हे खरे का?

आश्चर्य वाटेल, पण काही मोबाइलांच्या बाबतीत खरे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि एकाच कंपनीचे अनेक फोन मृतवत झाले. त्यांच्यात वेळ राखण्यासाठी क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनची कंप पावणारी सूक्ष्म पट्टी होती, जी निर्वात कुपीत बंद असते. हेलियमचा अणू इतका लहान, की तो कुपीच्या भिंतीतून झिरपला, कंपन बिघडले आणि फोनचे घड्याळच थांबले. काही दिवस मोकळ्या हवेत राहिल्यावर बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले.

२०. खिडकीतून येणाऱ्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसतात. ती ब्राउनीय गती नव्हे का?

दुर्दैवाने नव्हे, आणि मीही विद्यार्थिदशेत तसेच समजत होते. आपल्याकडे या कणांना त्रसरेणू असे जुने, सुंदर नाव आहे, त्यामुळे ते अणूंचे नृत्य असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कवडशात डोळ्यांना दिसणारा कण बहुधा अनेक मायक्रोमीटरचा असतो, आणि त्याला हलवतो तो ऊन लागून तापलेल्या हवेचा प्रवाह. पंखा बंद केला तरी हा प्रवाह थांबत नाही. शेजारशेजारचे कण एकाच दिशेने वळताना दिसतात, हीच त्याची खूण आहे. खऱ्या ब्राउनीय गतीत शेजारच्या कणांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

खरी गती पाहायची असेल तर शाळेतील सूक्ष्मदर्शक पुरतो. चमचाभर पाण्यात दुधाचा एक थेंब टाकावा, त्यातील थेंबभर काचपट्टीवर घेऊन वरून पातळ काच ठेवावी आणि कडांना व्हॅसलीन लावावे, म्हणजे पाणी वाळून प्रवाह तयार होणार नाही. मग चारशेपट मोठे करून दहा मिनिटे शांतपणे पाहावे. दुधातील स्निग्धाचे मोठे गोळे जवळजवळ स्थिर दिसतील आणि अगदी लहान गोळे जागच्या जागी थरथरत राहतील. काच दुसऱ्या दिवशी पाहिली तरी, पाणी आत टिकलेले असेल तर, ती थरथर चालूच असते.